एकाच्या गरजेतून निघालेली डिस्क

ड्राइव्हमध्ये सीडी घालायची, संगणक पुन्हा सुरू करायचा आणि हार्डडिस्कला हातही न लावता समोर अख्खा डेस्कटॉप उभा राहायचा. हीच लाइव्ह सीडी. आपल्याला हवी तशी लाइव्ह डिस्क बनवून घेणं ही मागाहून आलेली हौस आहे, असा पुष्कळांचा समज असतो. मला तो पटत नाही. जिच्यामुळे लाइव्ह सीडी घरोघरी गेली, ती क्नॉपिक्स ही लिनक्सची डिस्क मुळात एका माणसाने स्वतःच्या कामासाठीच बांधली होती.

तिच्याही आधीचं कूळ 1992च्या डिसेंबरपर्यंत जातं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या अ‍ॅडम रिक्टर यांच्या इग्ड्रासिल कंपनीने तेव्हा लिनक्सची एक सीडी काढली. इन्स्टॉल न करता ती थेट चालवता येई. पण तेव्हाचे संगणक सीडीवरून सुरूच होत नसत, आधी फ्लॉपी घालावी लागे, आणि ड्राइव्हही कमालीचे मंद. 1995मध्ये फिनिक्स आणि आयबीएमने एल टोरिटो हे मानक आणलं. त्यातली एक युक्ती मोठी सुंदर आहे: सीडीवरच फ्लॉपीची 1.44 एमबीची प्रतिकृती ठेवायची, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या बायोसला वाटतं आपण फ्लॉपीच वाचतोय.

आता प्रश्न उरला जागेचा. 700 एमबीत ऑफिस, ब्राउझर, डेस्कटॉप हे सगळं मावायचं कसं? रस्टी रसेल यांनी सुरुवात केलेल्या आणि पुढे क्लाउस क्नॉपर यांनी सांभाळलेल्या क्लूप या ड्रायव्हरने तो सोडवला. सगळी फाइल सिस्टिम छोट्या छोट्या ठोकळ्यांत दाबून ठेवायची आणि लागेल तेवढाच ठोकळा उलगडायचा. 700 एमबीत सुमारे 2 जीबीचा ऐवज बसू लागला. शिवाय सीडीवरून कमी वाचावं लागत असल्याने वेगही वाढला.

क्नॉपर हे जर्मन अभियंते. आपली साधनं कुठल्याही संगणकावर सोबत असावीत म्हणून त्यांनी डेबियन या लिनक्सवर आधारलेली क्नॉपिक्स बांधली आणि 2000च्या सप्टेंबरअखेरीस खुली केली. तिची खरी करामत म्हणजे प्रत्येक वेळी सुरू होताना साउंड कार्ड, ग्राफिक्स, नेटवर्क ती स्वतःच ओळखून घेई. आपल्याकडे ती पोहोचायला वेळ लागला. 56 केबीपीएसच्या मोडेमवर 700 एमबी उतरवायचे तर लाइन एकदाही न तुटता 28 तास लागणार! त्यामुळे मासिकांसोबत येणाऱ्या सीडी आणि मित्राने राइट करून दिलेल्या प्रती यांवरच लिनक्सवाल्यांची भिस्त होती.

प्रत काढा, बदला, पुन्हा वाटा, अशी मुभा क्नॉपिक्सच्या परवान्यातच होती. तिच्यातून रीमास्टरिंग आलं. क्नॉपिक्स सुरू करून तिच्यातली सगळी सिस्टिम हार्डडिस्कवरच्या एका फोल्डरमध्ये उतरवायची. मग सीएचरूट हा आदेश दिला की तो फोल्डरच जणू संपूर्ण यंत्र होतो. आत शिरून नको ते खेळ काढायचे, हवी ती पॅकेजं आणि देवनागरी फॉन्ट घालायचे, पॅकेजं आणणाऱ्या अ‍ॅप्टने उतरवलेल्या फाइली पुसायच्या, आणि बाहेर येऊन सगळं पुन्हा दाबायचं. हा शेवटचा टप्पा जीव काढणारा. दाबलेला सगळा माल आधी मेमरीत साठे, म्हणून रॅम आणि स्वॅप मिळून 1 जीबी लागे. तेव्हा 256 एमबी रॅम म्हणजे बरा संगणक! तरी लोकांनी नेटाने केलं. 50 एमबीत बसणारी डॅम स्मॉल लिनक्स आणि संख्याशास्त्राच्या साधनांनी भरलेली क्वांटियन, दोन्ही याच घराण्यातल्या.

एक अडचण तशीच होती. सीडीवर लिहिता येत नाही, मग चालू डिस्कवर नवं सॉफ्टवेअर टाकायचं कसं? 2005मध्ये क्नॉपिक्स 3.8ने युनियनएफएस घेतली. छापील पानावर ट्रेसिंग पेपर ठेवून लिहावं तसे बदल रॅममधल्या वरच्या थरावर होतात, खालची सीडी जशीच्या तशी राहते.

पुढे क्नॉपिक्समध्ये एड्रियान हा बोलका, पडद्याविना वापरता येणारा मेनू आला. क्नॉपर यांच्या पत्नीचं नाव एड्रियान, त्यांना दृष्टिदोष आहे. या घराण्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे काम. घरातल्या एका माणसासाठी केलेला बदल त्याच डिस्कमधून कितीतरी अंध वापरकर्त्यांपर्यंत गेला.

आता सीडीची जागा पेनड्राइव्हने घेतली आहे, क्लूपचं काम बहुतेक ठिकाणी स्क्वॉशएफएस करते. डेबियनच्या लाइव्ह-बिल्डमध्ये एका साध्या मजकूर फाइलीत पॅकेजांची नावं ओळीने लिहायची आणि आदेश द्यायचा. डिस्कची आयएसओ फाइल तयार होऊन मिळते. ओळख लपवून काम करावं लागणाऱ्या पत्रकारांना उपयोगी पडणारी टेल्स ही लाइव्ह सिस्टिम याच साधनाने बांधली जाते.