पाळीव प्राण्यांची व्यक्तिचित्रे, अॅक्रिलिक रंगांतील
मालकाच्या मागणीवरून, बहुधा छायाचित्रे समोर ठेवून रंगवलेली कुत्र्या-मांजरांची चित्रे. एडविन लँडसीअरने १८३६ मध्ये ब्रिटिश राजकन्या (पुढे राणी) व्हिक्टोरियाच्या ‘डॅश’ या स्पॅनिएल कुत्र्याचे चित्र केले ते तैलरंगात. अँडी वॉरहॉलच्या १९७६ च्या कुत्र्या-मांजरांच्या चित्रांत अॅक्रिलिकला सिल्कस्क्रीन छपाईची जोड आहे. पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक रंग काही मिनिटांत वाळतो. त्यामुळे गडद थरावर केसांच्या फिकट रेघा लगेच ओढता येतात. मऊ छटामिश्रणासाठी मात्र वाळणे लांबवणारे द्रव्य घालावे लागते. वाळताना रंग किंचित गडद होतो, म्हणून काळ्या कुत्र्याचे चित्र विशेष अवघड. खरी कसोटी डोळ्यांची : त्यांतला प्रकाशबिंदू चुकला, तर केस न् केस जुळूनही घरच्यांना आपले जनावर ओळखू येत नाही.