कोकणची आगबोट आणि सुंठेची पुडी

हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी एकेक बंदरे घेत वेंगुर्ल्यास जाणारी आगबोट हेच, रेल्वे नसलेल्या कोकणाचे मुंबईशी मुख्य दळणवळण होते; आणि पावसाळ्याचे महिने वगळता बॉम्बे स्टीम नेव्हिगेशन कंपनीच्या बोटींतून गावी निघालेल्या चाकरमान्यांच्या वळकटीत आलेपाकाची अथवा सुंठसाखरेची पुडी बहुधा असेच, कारण बोट लागणे हा भाड्यातच धरलेला भोग मानला जाई.

अंतर्कर्णाने दिलेली गतीची वर्दी डोळ्यांच्या साक्षीशी जुळेनाशी झाली की मळमळ सुरू होते, आणि दूर क्षितिजावर नजर ठेवणे हा त्यावरचा साधा इलाज. परंतु तो वरच्या दर्जाच्या उतारूंनाच सुलभ. खालच्या डेकला हेलकावे थोडे कमी बसत खरे, पण इंजिनाचे तेल, माणसांची दाटी आणि सुक्या मासळीच्या करंड्या यांच्या दर्पापुढे तो लाभ निरर्थक ठरे. चरकाने छर्दीचे, म्हणजे ओकारीचे, पाच प्रकार मानले असून त्यांतला एक अप्रिय व किळसवाण्या गोष्टींच्या संसर्गाने होणारा आहे. येथे त्याचे निदान करावयास वैद्य लागत नसे, एकाने टमरेल जवळ ओढले की शेजारचे चौघे आपापले शोधू लागत.

चालत्या बोटीपेक्षा थांबलेली बोट अधिक छळी. धक्का नसलेल्या बंदराबाहेर ती उभी राही, पुढची गती सरल्यामुळे लाटांवर आडवी डोलू लागे, आणि ट्रंका, पोरे, आंब्याच्या पेट्या यांची पडावांतून चढउतार होईतो, इतका वेळ तग धरलेल्यांचाही धीर सुटे. मग कोणी लिंबू हुंगे, कोणी आवळकाठी गालात धरी. निघण्यापूर्वी उपाशी राहावे की दोन घास खावेत, यावर घरोघर वाद असे. माझा कौल दोन घासांच्या बाजूने आहे.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील गे आणि कार्लिनर या वैद्यांना, अंगावर पित्त उठते म्हणून दिलेल्या गोळीने एका गर्भवतीची ट्रॅममधली मळमळ थांबल्याचे आढळले, आणि १९४८ साली ‘जनरल बॅलू’ या सैनिकवाहू जहाजावर त्या गोळीची परीक्षा होऊन ‘ड्रामामाइन’ प्रसिद्धीस आले. पुढे १९८२ साली छत्तीस जणांना डोळे बांधून गरगरत्या खुर्चीत बसविले, तेव्हा सुंठेची भुकटी घेतलेल्यांनी ही गोळी घेतलेल्यांहून अधिक वेळ तग धरला. नंतरच्या सर्वच परीक्षांनी या निष्कर्षास दुजोरा दिला नाही. शिवाय त्या खुर्चीतल्या मंडळींच्या नाकाशी कोणी बोंबलाची करंडी ठेवलेली नव्हती.