सूझांचा काळा ख्रिस्त

गोव्यातील साळगावी १९२४ साली जन्मलेल्या फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचे पितृछत्र तान्हेपणीच हरपले. पुढे देवीच्या आजारातून मुलगा वाचला, तेव्हा मातेने नवसाप्रमाणे त्यास संत फ्रान्सिस झेवियर यांचे नाव दिले. १९४७ साली मुंबईत ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ स्थापन करताना आपल्या जिल्ह्यातील पंढरपूरचे हुसेन यांना त्यांनीच सामील करून घेतले. १९४९ मध्ये ते लंडनला गेले. तेथे १९५९ साली रंगविलेला त्यांचा क्रूसावरील ख्रिस्त काळा, काटेरी, विरूप आहे. आज ते चित्र टेट संग्रहात आहे. गोऱ्या, देखण्या येशूच्या तसबिरींपुढे वाढलेल्या आपणांस ते पाहवत नाही. परंतु यशयाने वर्णिलेला दुःखी सेवकही रूपहीनच होता. वर्णावरून जोखल्या जाणाऱ्या परदेशस्थ चित्रकाराने प्रभूला आपला वर्ण दिला, यात अनादर कसला?