जाळ बाहेर ठेवणारं इंजिन

जून 1932 मध्ये निझामाच्या राज्यात सरकारी बससेवा सुरू झाली, तेव्हा तिच्या पदरी 27 बसगाड्या आणि 166 कर्मचारी होते. आदिलाबाद तेव्हा त्याच राज्यात होतं. किनवट आणि राजुराही. बसगाड्या होत्या अल्बियन कंपनीच्या, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या. इंधन त्यांच्या सिलिंडरच्या आत पेटायचं. त्याच ग्लासगोच्या दक्षिणेला, फार लांब नव्हे, किल्मारनॉक नावाचं गाव आहे. तिथल्या एका तरुण पाद्र्याने 116 वर्षं आधीच जाळ सिलिंडरच्या बाहेर ठेवणारं इंजिन मांडलं होतं. ते रस्त्यावर आणण्यासाठी पुढे मोठमोठ्या कंपन्यांनी आणि शेवटी ‘नासा’नेही जीव ओतला.

पाद्र्याचं नाव रॉबर्ट स्टर्लिंग. सप्टेंबर 1816 मध्ये त्याला धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली आणि त्याच महिन्यात त्याने पेटंटसाठी अर्ज केला. त्याच्या यंत्रात हवा कोंडलेली असते. एक टोक तापवायचं, दुसरं थंड ठेवायचं. हवा इकडून तिकडे जाताना फुगते, आकसते आणि दट्ट्या हलतो. स्टर्लिंगची खरी करामत मधल्या भागात होती. गरम हवा थंड टोकाकडे जाताना आपली उष्णता तिथल्या धातूत ठेवते आणि परतताना तीच उचलून घेते. हा भाग काढून टाकला तर इंजिन चालेल, पण इंधन खात सुटेल. 1818 मध्ये असं एक यंत्र एअरशायरच्या दगडखाणीतलं पाणी उपसू लागलं.

पुढे भाऊ जेम्सच्या साथीने डंडीच्या ओतशाळेत 1843 मध्ये मोठं इंजिन बसलं. ते उत्तम चाललं, पण तापलेल्या टोकाचं बीड टिकेना. सिलिंडर पुनःपुन्हा निकामी झाले आणि शेवटी ओतशाळा वाफेकडे परतली. म्हातारपणी, 1876 मध्ये, स्टर्लिंगने लिहून ठेवलं की बेसेमरचं पोलाद तेव्हा मिळतं तर हे अपयश आलं नसतं. कल्पना पुढे आणि धातू मागे, ही अडचण या इंजिनाला शंभर वर्षांनंतरही सुटली नाही.

वीज नसलेल्या मुलखात रेडिओ चालवायला छोटं, आवाज न करणारं जनित्र हवं म्हणून हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने 1930 च्या दशकाच्या अखेरीस हे इंजिन पुन्हा हाती घेतलं. ट्रान्झिस्टर आला आणि त्या जनित्राची गरज सरली, पण तोवर आइंडहोव्हनच्या अभियंत्यांना इंजिनाचं मर्म कळलं होतं. हवेऐवजी हायड्रोजन वापरला की तेवढ्याच आकारातून कितीतरी जास्त शक्ती मिळते. 1971 मध्ये फिलिप्सचं इंजिन डाफ कंपनीच्या बसमध्ये बसलं. पुढच्या वर्षी फोर्डने करार केला आणि 170 अश्वशक्तीचं इंजिन टोरिनो मोटारीत घातलं. आत स्फोट नाहीत, झडपांची खडखड नाही; गाडी शांत चाले.

मग अडलं कुठे? पहिली अडचण हायड्रोजनची. सुमारे दीडशे वातावरणांच्या दाबाखालचा हा वायू दट्ट्याच्या दांड्याजवळून निसटू पाहतो, गरम टोकाच्या लालबुंद नळ्यांच्या धातूतूनही झिरपतो. दुसरी अडचण वेगाची. चालकाने पाय दाबला की शक्ती वाढली पाहिजे. इथे त्यासाठी टाकीतला हायड्रोजन इंजिनात भरावा लागतो आणि पाय उचलला की परत ओढून घ्यावा लागतो. शिवाय सुरुवातीला नळ्या तापेपर्यंत थांबावं लागतं. 1978 मध्ये फोर्डने हात काढून घेतला.

त्याच सुमारास अमेरिकी सरकारने हे इंजिन मोटारीत आणण्याची जबाबदारी नासाच्या क्लीव्हलंडच्या केंद्राकडे दिली. न्यूयॉर्क राज्यातली मेकॅनिकल टेक्नॉलॉजी ही कंपनी आणि स्वीडनची युनायटेड स्टर्लिंग कामाला लागल्या. चाचणीचं खरं शिक्षण इथे आहे. आधी स्वीडिश पी-40 इंजिन तयार मोटारींत बसवून दोष गोळा केले, मग ‘मॉड-1’, मग ‘मॉड-2’. तापणाऱ्या भागातला महागडा कोबाल्ट काढून लोहाधारित मिश्रधातू आणले, दांड्याभोवतीची सीलं बदलली, नळ्यांचं तापमान 820 अंशांपर्यंत नेलं. मॉड-1 अमेरिकी हवाई दलाच्या व्हॅनमध्ये पेट्रोल, डिझेल आणि विमानाच्या इंधनावर चालवून पाहिलं. मॉड-2 शेव्हरोले सेलिब्रिटीत बसलं. त्याची कार्यक्षमता 38.5 टक्क्यांपर्यंत पोचली. 1980 च्या दशकातल्या पेट्रोल इंजिनांसमोर हा आकडा अभिमानाचाच होता. पण तेल तोवर स्वस्त झालं होतं आणि कारखाने जुन्या इंजिनासाठी उभे होते. प्रकल्प संपला, गाडी बाजारात आली नाही.

एक अडचण आदिलाबादकरांना सांगावी लागणार नाही. नेहमीच्या इंजिनाची बरीच उष्णता धुरांड्यातून जाते; स्टर्लिंगची जवळपास सगळी वाया जाणारी उष्णता रेडिएटरला फेकावी लागते, म्हणून तो फार मोठा लागतो. मेमध्ये पारा 45 च्या आसपास असताना थंड टोक थंड ठेवणं म्हणजे कसोटीच. हेच इंजिन हिवाळ्यात, जेव्हा इथला पारा काही पहाटे पाच अंशांच्या खाली उतरतो, जास्त काम देईल.

मोटारीत नाकारलेलं इंजिन स्वीडनच्या गॉटलंड वर्गाच्या पाणबुड्यांनी 1990 च्या दशकात स्वीकारलं. तिथे शांतता हवी होती आणि थंड समुद्र चारी बाजूंनी होता. भारतातही मद्रासच्या स्टर्लिंग डायनॅमिक्सने 1980 च्या दशकात भाताच्या तुसावर चालणारं सुमारे पाच अश्वशक्तीचं इंजिन बनवलं. ते एका जागी बसवायचं होतं, आणि माझ्या मते हाच या इंजिनाचा खरा धर्म आहे: जागा पक्की, वेग एकसारखा, जळण मिळेल ते.

पैनगंगेच्या दोन्ही काठांवर कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या शेतातच जाळल्या जातात. तो जाळ सिलिंडरच्या बाहेरचाच आहे. आदिलाबाद, किनवट, राजुरा भागातल्या तंत्रनिकेतनांनी पऱ्हाटीवर चालणारं एक छोटं इंजिन बांधावं, जानेवारीत आणि मेमध्ये त्याची शक्ती मोजावी. नासाच्या त्या चाचण्यांचे अहवाल, धातूंच्या नावांसकट, आज कोणालाही फुकट वाचता येतात.