दख्खनी महासीर : कृत्रिम प्रजनन आणि गुणसूत्रांचा वारसा

प्रस्तावना
पेशीत गुणसूत्रांचे दोनहून अधिक संच असणे म्हणजे बहुगुणितता. वनस्पतींत ती विपुल आढळते. प्राण्यांत मात्र विरळ असते. खोपोलीहून घाट चढताच लागणाऱ्या लोणावळा परिसरात ज्याचे बीज तयार झाले, तो दख्खनी महासीर हा असाच एक बहुगुणित मासा होय. प्रस्तुत लेखात त्याच्या प्रजननाच्या इतिहासाचा संक्षिप्त आढावा घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी
कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये पुण्याजवळील मुळा-मुठेतील या माशाचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे 1915 मध्ये खोपोलीस टाटांची जलविद्युतनिर्मिती सुरू झाली आणि तिच्यासाठी मावळात तलाव बांधले गेले. महाराष्ट्राचे माजी मत्स्यसंचालक डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी 1970-71 च्या सुमारास या माशाची अंडी व भ्रूणविकास यांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. लोणावळ्यात टाटांच्या बीज केंद्रात त्यांनी व ओगले यांनी कृत्रिम फलनाचे तंत्र रूढ केले. पक्व मादीचे पोट हलके दाबून अंडी काढावयाची आणि त्यांत नराचे रेत मिसळावयाचे, अशी ही पद्धत होय. महासीर जातींच्या संकराचेही प्रयोग तेथे झाले. त्या संकरजांच्या प्रजननाची निरीक्षणे 1987 मध्ये प्रसिद्ध झाली.

गुणसूत्रांचा वारसा
ओहनो व सहकाऱ्यांनी 1967 मध्ये सायप्रिनिड कुळातील काही मासे द्विगुणित, तर सायप्रिनस चतुर्गुणित असल्याचे दाखविले. रोहू, कटला व मृगळ यांची गुणसूत्रे 50 असतात. खुदा-बख्श यांनी 1980 मध्ये हिमालयीन महासीरात 100 गुणसूत्रे नोंदविली. दख्खनी महासीरातही हीच संख्या आढळते. प्राचीन संकरातून दोन भिन्न संच एकत्र आल्याने हे घडले असावे, असे आजचे मत आहे. अर्धगुणसूत्री विभाजनात या 100 गुणसूत्रांच्या 50 जोड्या जुळतात व प्रत्येक युग्मकात 50 जातात. म्हणून हा मासा चतुर्गुणित असूनही प्रजननक्षम राहतो. याउलट रोहूशी संकर झाल्यास 25 व 50 मिळून 75 गुणसूत्रे येतील. तीन संचांच्या समान जोड्या लागत नसल्याने अशी त्रिगुणित संतती सामान्यतः वंध्य असते. दोन महासीर जातींच्या संकरात मात्र संख्येची ही अडचण उद्भवत नाही.

निष्कर्ष
लोणावळ्याचे बीज कावेरीतही सोडले गेले. तेथील वशिंडधारी महासीराची शास्त्रीय ओळख 2018 मध्ये निश्चित झाली, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. ज्या नदीतील मूळ जात कोणती हेच ठाऊक नव्हते, तीत बाहेरील जात आधी पोहोचली होती. लोणावळ्याच्या कार्याचे मोल यामुळे कमी होत नाही. तथापि जेथे गुणसूत्रसंख्या संकराच्या आड येत नाही, तेथे बीज सोडण्यापूर्वी मूळ जातीची ओळख पटविणे अगत्याचे आहे, हाच या इतिहासाचा बोध होय.