तेल किती, कोणतं आणि किती ताजं?

मत्स्यआहारावर संशोधन करायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: खाद्यात तेल किती टक्के ठेवू? प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा. कोणतं तेल आणि किती ताजं, हे विचारायला शास्त्रज्ञांना बरीच वर्षं लागली.

सुरुवात उंदरांपासून झाली. १९२९ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या जोडप्याने उंदरांना चरबीविरहित आहार दिला. त्यांची वाढ खुंटली, कातडीवर खपल्या आल्या. ओमेगा-६ गटातलं लिनोलिक आम्ल दिल्यावर ते सुधारले. मग माशालाही तेच पुरेल असं वाटणं साहजिकच होतं ना! पण १९७२ मध्ये ऑरेगनमध्ये कॅस्टेल, सिनह्यूबर आणि सहकाऱ्यांनी ट्राउटला नुसतं लिनोलिक देऊन पाहिलं, तर पर झिजले आणि मासे जरा हाताळले की बेशुद्ध पडायला लागले. खाद्यात सुमारे १ टक्का ओमेगा-३ लिनोलेनिक आम्ल घातल्यावर ही लक्षणं थांबली. पुढे ताकेउची आणि वातानाबे यांनी १९७७ मध्ये सायप्रिनससाठी दोन्ही आम्लं साधारण १-१ टक्का लागतात असं दाखवलं.

मला जास्त आवडते ती जपानची गोष्ट. तिथे सायप्रिनसला रेशीम काढल्यावर उरलेले प्यूपा खाऊ घालत. प्यूपात प्रथिनं आणि तेल भरपूर, शिवाय स्वस्त. पण माशांच्या पाठीचं मांस झडून पाठ धारदार दिसू लागली. या रोगाला नाव पडलं 'सेकोके', म्हणजे सुकलेली पाठ. १९६६ मध्ये हाशिमोतो आणि सहकाऱ्यांनी ऑक्सिडाइज्ड, म्हणजे खवट झालेलं तेल देऊन तसाच स्नायूंचा ऱ्हास मुद्दाम घडवून आणला आणि ई जीवनसत्त्व देऊन तो टाळूनही दाखवला. रोग घडवणं आणि टाळणं, दोन्ही एकाच कामात. कारण सिद्ध करायचं म्हणजे काय, हे इथे नीट दिसतं.

आता आपल्याकडे या. कटला-रोहूचं पारंपरिक खाद्य म्हणजे भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची ढेप. शेंगदाणा तेलात ओमेगा-३ जवळजवळ नाहीच, कोंड्याच्या तेलातही अगदी थोडं. तरी भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांत मासे वाढतच आले, कारण उणीव तलावातलं प्लवक भरून काढतं. पण मासे दाट सोडले की प्लवक वाट्याला कमी येतं आणि सगळा भार खाद्यावर पडतो. म्हणून तलावात चाललेलं खाद्य टाकीतही चालेल, हे गृहीत धरू नका. उलट टाकीतला निष्कर्षही तलावाला जसाच्या तसा लावू नका.

कोंड्याचं आणखी एक दुखणं आहे. गिरणीतून बाहेर पडताच त्यातलं लायपेज हे विकर तेल फोडायला लागतं. मे महिन्यात नागपूरच्या गोदामात पोतं पडून राहिलं तर काय होत असेल, विचार करा. तेल काढलेला कोंडा टिकतो, पण मग तेल दुसरीकडून आणावं लागतं.

विदर्भात त्यासाठी जवस हाताशी आहे. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असतं. मात्र रंगवाले हेच तेल वापरतात ते हवेत भराभर ऑक्सिडाइज होऊन सुकतं म्हणून. खाद्यात ते घालणार असाल तर पेरॉक्साइड मूल्य प्रयोगाच्या पहिल्या दिवशीच नव्हे, शेवटच्या पोत्याचंही मोजा, आणि ई जीवनसत्त्वाचा वेगळा गट ठेवा.