टिळकांचा दरबार
आदिलाबादेत मी ख्रिस्ती मंडळीचा पाळक आहे. रविवारी सतरंजीवर मराठी आणि तेलुगू बोलणारी कुटुंबं शेजारी बसतात; पैनगंगेपलीकडचे सोयरेही येतात. मंडळी असते कशासाठी, हा प्रश्न पडला की मला रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवतात. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कुणालाही तिथे जागा होती, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. केवढं धाडस ते! मिशनच्या छायेतली मंडळी इथल्या मातीची व्हावी, ही त्यांची तळमळ होती. १९१९ मध्ये ते गेले. दरबाराचं काम अर्धंच राहिलं. ते आपण पुढे न्यायला हवं.